क्लाउडचा फायदा पदरात कसा पाडून घ्यावा: डेव्हलपर आणि व्यवसायांसाठी मार्गदर्शन

क्लाउड म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर आणि साठवणूक इंटरनेटवरून भाड्याने वापरणे. क्लाउडवर गेल्याने खर्च कमी होतो, हे विधान जाहिरातींत जितक्या ठामपणे केले जाते तितके ते खरे नसते. चोवीस तास एकसारख्या भाराने चालणारा सर्व्हर विकत घेऊन पाच वर्षे वापरला, तर तो पुष्कळदा भाड्याच्या सर्व्हरपेक्षा स्वस्तच पडतो. तरीही बहुतेक नवी कामे क्लाउडवर उभी राहतात, कारण तेथे घेतलेली वस्तू नको झाली की ताबडतोब परत करता येते आणि परत केल्यापासून तिचे पैसे थांबतात. पुढे सुचवलेल्या जवळजवळ सर्व पायऱ्या या एका सोयीशी निगडित आहेत. ही सोय न वापरणाऱ्याला क्लाउड महागच पडतो.

अमेझॉनने 2006 च्या मार्चमध्ये एस-थ्री ही साठवणुकीची सेवा आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, चाचणी स्वरूपात, ईसी-टू ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा सुरू केली. तोपर्यंत नवा सर्व्हर हवा असल्यास दरपत्रके मागवणे, खर्चाला मंजुरी मिळवणे, यंत्र येण्याची वाट पाहणे आणि ते रॅकमध्ये बसवून जोडणे यांत आठवडे जात, आणि अंदाज चुकला तर ते यंत्र कोणाच्या तरी माथी मारण्याचा मार्गही नसे. पुढे गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या क्षेत्रात उतरले. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने 2011 मध्ये क्लाउडची पाच लक्षणे नोंदवली: मागताक्षणी स्वतःहून घेता येणे, नेटवर्कवरून वापरता येणे, साधनांचा साठा अनेक ग्राहकांत वाटलेला असणे, गरजेप्रमाणे झपाट्याने वाढता-घटता येणे आणि वापर मोजला जाणे. एखादी सेवा निवडताना ही पाच लक्षणे कसोटी म्हणून उपयोगी पडतात. सर्व्हर बंद करण्यासाठी विक्री प्रतिनिधीला फोन करावा लागत असेल, तर नाव काहीही असो, ती सेवा जुन्या पद्धतीचे होस्टिंगच आहे.

आधी भाराचा आकार पाहा

सेवा निवडण्यापूर्वी आपल्या प्रत्येक ॲप्लिकेशनचा सर्वांत गर्दीचा तास आणि सर्वांत निवांत तास यांतील विनंत्यांची संख्या शेजारी शेजारी लिहून काढावी. या दोन आकड्यांतील अंतर जितके मोठे, तितका क्लाउडचा फायदा मोठा. समजा, अर्जनोंदणीच्या एका संकेतस्थळाला एरवी 2 सर्व्हर पुरतात, मात्र महिन्यातल्या 3 दिवशी 20 लागतात. स्वतःची यंत्रे घ्यायची तर 20 घ्यावी लागतात, म्हणजे महिन्याला 600 सर्व्हर-दिवसांची क्षमता बाळगावी लागते. भाड्याने घेतल्यास 2 सर्व्हर 30 दिवस आणि वरचे 18 सर्व्हर 3 दिवस, असे 114 सर्व्हर-दिवस पुरतात. भाड्याचा एक दिवस स्वतःच्या यंत्राच्या एका दिवसापेक्षा चौपट महाग धरला, तरी हिशेब भाड्याच्याच बाजूने झुकतो.

याउलट, भार सपाट आणि प्रचंड असेल तर हाच हिशेब उलटतो. ड्रॉपबॉक्सने आपल्या वापरकर्त्यांचा 90 टक्क्यांहून अधिक डेटा स्वतःच्या यंत्रणेवर हलवल्याचे 2016 मध्ये जाहीर केले, तर त्याच वर्षाच्या जानेवारीत नेटफ्लिक्सने सात वर्षे चाललेले क्लाउडवरील स्थलांतर पूर्ण केले. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते. म्हणून दुसऱ्याने काय केले हे पाहून निर्णय घेण्यात अर्थ नाही, स्वतःच्या भाराचा आलेख पाहावा.

नव्या उत्पादनाच्या बाबतीत असा आलेख मुळात उपलब्धच नसतो, आणि क्लाउडचा सर्वांत मोठा लाभ कदाचित येथेच आहे. कल्पना फसली तर चार महिन्यांचे भाडे जाते. यंत्रे घेतली असती तर ती पडून राहिली असती.

कोणत्या पातळीवर घ्यायचे

क्लाउडवरील सेवा ढोबळमानाने चार पातळ्यांवर मिळतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मोठ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने तयार केलेल्या स्वतंत्र सर्व्हरमध्ये, ऑपरेटिंग सिस्टीमपासून पुढचे सगळे आपण सांभाळतो. कंटेनर (ॲप्लिकेशन आणि त्याला लागणारे सर्व काही एकत्र बांधलेले पॅकेज) चालवणाऱ्या सेवेत आपण ॲप्लिकेशन बांधून देतो. व्यवस्थापित सेवांमध्ये, उदाहरणार्थ व्यवस्थापित डेटाबेसमध्ये, पॅच (दुरुस्तीचे अपडेट) लावणे, बॅकअप घेणे आणि मुख्य यंत्र पडल्यास राखीव यंत्राकडे काम वळवणे हे पुरवठादार करतो. सर्व्हरलेस पद्धतीत आपण फक्त एक फंक्शन, म्हणजे एका कामापुरता कोड, लिहून देतो आणि ते जेवढा वेळ चालेल तेवढ्याचे पैसे भरतो.

छोट्या संघाने पहिला पैसा व्यवस्थापित डेटाबेसवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो स्वतः चालवलेल्या डेटाबेसपेक्षा महाग असतो, पण डेटाबेसचा बॅकअप खरोखर चालू आहे का, हा प्रश्न रात्री दोन वाजता पडू नये यासाठी दिलेली ती किंमत असते. वेब सर्व्हर बिघडला तर दुसरा उभा करता येतो, गेलेला डेटा मात्र पुन्हा आणता येत नाही. सर्व्हरलेस सेवा अधूनमधून होणाऱ्या कामांसाठी उत्तम आहेत: अपलोड झालेल्या छायाचित्राची छोटी प्रत करणे, रात्रीचा अहवाल तयार करणे, दुसऱ्या प्रणालीकडून आलेला संदेश नोंदवणे. अमेझॉनच्या लॅम्डा या सर्व्हरलेस सेवेत एक फंक्शन जास्तीत जास्त 15 मिनिटे चालू शकते, त्यामुळे तासन्‌तास चालणारे काम तेथे बसत नाही. दिवसभर सतत विनंत्या येत असतील, तर साधे कंटेनर बहुधा स्वस्त पडतात. कुबरनेटीस हे अनेक कंटेनर सांभाळणारे साधन शक्तिशाली आहे, परंतु तीन जणांच्या संघाने दोन सेवा चालवण्यासाठी ते घेणे म्हणजे स्वतःसाठी एक नवी नोकरी निर्माण करणे होय.

खाते उघडल्याच्या दिवशी

पुढील गोष्टी पहिला सर्व्हर सुरू करण्यापूर्वीच उरकाव्यात, कारण नंतर त्या करायला कोणालाच वेळ मिळत नाही. सर्व अधिकार असलेल्या मूळ खात्याला दुहेरी पडताळणी लावावी आणि ते खाते रोजच्या कामासाठी वापरू नये. प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र प्रवेश द्यावा आणि तो तिच्या कामापुरताच असावा. चाचणीचे आणि प्रत्यक्ष ग्राहकांचे वातावरण वेगवेगळ्या खात्यांत ठेवावे, म्हणजे चाचणीतली चुकीची आज्ञा ग्राहकांच्या डेटापर्यंत पोहोचत नाही. खात्याच्या पासवर्डसारख्या गुप्त किल्ल्या कोडमध्ये कधीही लिहू नयेत. सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या खुल्या साठ्यात) चुकून गेलेली किल्ली हुडकण्यासाठी स्वयंचलित प्रोग्राम अखंड फिरत असतात आणि काही मिनिटांत तुमच्या खात्यावर परक्यांची यंत्रे सुरू होऊ शकतात.

खर्चाचा इशारा लावावाच, मात्र त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ठरवलेली रक्कम ओलांडली की इशारा ई-मेल पाठवतो. तो आपण होऊन काहीही बंद करत नाही. शिवाय खर्चाची आकडेवारी काही तासांच्या विलंबाने दिसते. म्हणून एकच इशारा न लावता अपेक्षित खर्चाच्या निम्म्यावर, 80 टक्क्यांवर आणि पूर्ण रकमेवर असे तीन लावावेत. प्रत्येक साधनाला प्रकल्पाचे आणि जबाबदार व्यक्तीचे नाव टॅग म्हणून देण्याची सक्तीही याच दिवशी करावी, नाहीतर सहा महिन्यांनी बिलातील निम्म्या ओळी कोणाच्या, हे कोणालाही सांगता येत नाही.

उभारणी कोडमध्ये लिहा

स्क्रीनवर क्लिक करत उभारलेली यंत्रणा मोडण्याचे धाडस कोणी करत नाही, कारण ती पुन्हा तशीच उभी राहील याची खात्री नसते. पाडता न येणारी यंत्रणा परतही करता येत नाही, म्हणजे क्लाउडचा मुख्य फायदाच हातचा जातो. यासाठी टेराफॉर्म किंवा ओपनटोफू यांसारख्या साधनाने संपूर्ण उभारणी मजकुराच्या फायलींत लिहावी आणि त्या फायली ॲप्लिकेशनच्या कोडप्रमाणेच गिट या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात ठेवाव्यात.

मग चाचणीचे वातावरण सकाळी उभे करून संध्याकाळी पाडता येते. महिन्यात साधारण 730 तास असतात. दिवसाला 8 तास आणि महिन्याला 22 दिवस काम धरले, तर 176 तास होतात, म्हणजे सुमारे 24 टक्के. उरलेले 76 टक्के तास ती यंत्रे कोणाच्याही उपयोगाची नसतात, तरी बहुतेक कार्यालयांत ती चालूच असतात. डेव्हलपरच्या दृष्टीने याहून मोठा लाभ असा की, प्रत्येक नव्या बदलासाठी स्वतंत्र आणि कोरे वातावरण मिळते आणि ‘माझ्या संगणकावर तर चालत होते’ या सबबीला फारशी जागा उरत नाही.

बंद करणे आणि परत करणे यांत फरक आहे, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे. थांबवलेल्या व्हर्च्युअल मशीनची डिस्क तशीच राहते आणि तिचे पैसे चालू राहतात. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडवर मशीन आतून शटडाउन केले तर ते थांबलेले दिसते, पण पोर्टलवरून किंवा आज्ञेने त्याचे वाटप रद्द करेपर्यंत त्याचेही शुल्क लागत राहते. अमेझॉन 2024 च्या फेब्रुवारीपासून सार्वजनिक आयपी व्ही-4 पत्त्यांसाठी (इंटरनेटवर यंत्र ओळखण्याच्या क्रमांकांसाठी) तासाप्रमाणे पैसे आकारते. महिन्यातून एकदा कोणत्याच यंत्राला न जोडलेल्या डिस्क, जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या त्या क्षणीच्या प्रती), पडून असलेले पत्ते आणि रिकामे लोड बॅलन्सर (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारी साधने) शोधून काढून टाकावेत. अर्ध्या तासाचे हे काम कंटाळवाणे आहे, पण बिल कमी करण्याचा याहून सोपा उपाय नाही.

सवलतींची घाई करू नका

एक किंवा तीन वर्षांच्या वापराची हमी दिल्यास मोठे पुरवठादार चांगली सवलत देतात, पण त्या क्षणी परत करण्याची मुभा आपण विकून टाकलेली असते. म्हणून किमान तीन महिने वापर मोजावा आणि रात्रीच्या निवांत तासातही जेवढी क्षमता लागतेच, तेवढ्यापुरतीच हमी द्यावी. खंड पडला तरी चालेल अशा कामांसाठी, उदाहरणार्थ व्हिडिओचे रूपांतर किंवा मोठ्या आकडेमोडीसाठी, शिल्लक क्षमतेवर चालणारी स्पॉट मशीन वापरावीत. अमेझॉनवर ती 90 टक्क्यांपर्यंत स्वस्त मिळू शकतात, मात्र ती केवळ दोन मिनिटांची सूचना देऊन काढून घेतली जातात. काम मधूनच पुन्हा सुरू करता येईल अशी रचना नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

भरवसा किती ठेवायचा

पुरवठादाराने 99.9 टक्के उपलब्धतेचे वचन दिले, तर 30 दिवसांच्या महिन्यात 43 मिनिटे सेवा बंद राहूनही ते वचन पाळले गेलेले असते. 99.99 टक्क्यांत हाच आकडा सुमारे 4 मिनिटे होतो. वचन मोडले तर भरपाई म्हणून बिलात सूट मिळते. तुमच्या बुडालेल्या व्यवहारांची रक्कम कोणी भरून देत नाही. म्हणून महत्त्वाची सेवा एकाच रीजनमधील (पुरवठादाराच्या एका भौगोलिक विभागातील) किमान दोन अव्हेलेबिलिटी झोनमध्ये चालवावी. मोठ्या रीजनमध्ये हे झोन एकमेकांपासून दूर असलेल्या, वीज आणि जोडणी स्वतंत्र असलेल्या इमारतींत असतात.

एवढ्यानेही सगळे भागत नाही. 28 फेब्रुवारी 2017 रोजी अमेझॉनच्या व्हर्जिनियातील रीजनमध्ये एका कर्मचाऱ्याने आज्ञा देताना चूक केली, नको तितके सर्व्हर बंद झाले आणि एस-थ्रीवर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे सुमारे चार तास अडली. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते अशा काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. बॅकअपची एक प्रत दुसऱ्या रीजनमध्ये आणि दुसऱ्या खात्यात ठेवावी, हा धडा तेव्हापासून फारसा वादाचा राहिलेला नाही. एस-थ्रीची रचना 99.999999999 टक्के टिकाऊपणासाठी केलेली आहे, पण तो आकडा डिस्क बिघडण्यापुरता आहे. तुम्हीच फाइल पुसली तर सेवा ती तितक्याच विश्वासूपणे पुसते. त्यासाठी आवृत्त्या जपण्याची सोय सुरू करावी आणि दर तीन महिन्यांनी एखादा बॅकअप प्रत्यक्ष उतरवून पाहावा.

सुरक्षिततेची जबाबदारीही अशीच विभागलेली असते. इमारत, यंत्रे आणि त्यांवरील मूळ प्रणाली पुरवठादार राखतो. प्रवेशाचे अधिकार, डेटा आणि आपला कोड आपण राखायचा असतो.

बाहेर पडण्याची वाट

डेटा आत आणणे बहुधा मोफत असते आणि बाहेर नेण्याला पैसे पडतात. गूगल, अमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 2024 मध्ये सेवा पूर्णपणे सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी हे शुल्क अटींसह माफ केले, परंतु रोजच्या वाहतुकीवरचे शुल्क कायम आहे. खरी अडचण बहुतेक वेळा कोडमध्ये असते. एकाच पुरवठादाराकडे मिळणाऱ्या डेटाबेसवर किंवा संदेशसेवेवर सगळी रचना उभारली, तर बाहेर पडताना ॲप्लिकेशन नव्याने लिहावे लागते. पोस्टग्रेस्क्यूएल हा खुला डेटाबेस, कंटेनर आणि एस-थ्रीच्या पद्धतीने बोलणारी साठवणूक यांवर गाभा ठेवला, तर स्थलांतर कष्टाचे झाले तरी आवाक्यात राहते. मात्र केवळ भीतीपोटी सुरुवातीपासूनच दोन पुरवठादारांवर एकाच वेळी काम चालवू नये. दुप्पट शिकावे लागते आणि दोन्हीकडे सारख्या असलेल्या मोजक्याच सोयी वापरता येतात.

त्याऐवजी वर्षातून एकदा डेटाबेसची पूर्ण प्रत बाहेर काढून, ॲप्लिकेशनसह ती दुसऱ्या पुरवठादाराच्या एखाद्या यंत्रावर किंवा स्वतःच्या संगणकावर चालवून पाहावी. त्याला किती तास लागले, किती खर्च आला आणि कोठे अडले याची नोंद उभारणीच्या फायलींशेजारीच ठेवावी, आणि काम झाल्यावर ते यंत्र डिस्कसह परत करावे.