उचललेल्या व्हॅनला टायर घेताना आधी वजनकाटा

अण्णांचं कराडला हायवेलगत रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरला नवं रबर चढवायचं, दुकान होतं. हंगामात उसाचे ट्रक दारात रांग लावायचे, आणि कोणी ‘हजार-वीस’, म्हणजे ट्रकचा १०.००-२० मापाचा टायर, मागितला की अण्णा पैशांच्या आधी विचारायचे, “माल किती टाकतोस?” त्यांचाच मुलगा मी. कोलोरॅडोत फोर्ड ट्रान्झिट घेतली, ऑल-व्हील ड्राइव्ह, लिफ्ट किट बसवून दोन इंच उचलून घेतली आणि टायर निवडायला बसलो ते फोटो बघून. व्हिडिओ कॉलवर अण्णांनी एवढंच विचारलं, “आरं, मागच्या एक्सलवर वजन किती हाय?” मला सांगता येईना.

तेव्हा पहिलं काम हेच. सहलीला निघतो तशी व्हॅन भरा: पाण्याची टाकी, बॅटऱ्या, सायकली, पेट्रोल, माणसं. मग ट्रक-स्टॉपवरच्या काट्यावर न्या, तिथे प्रत्येक एक्सलचं वजन वेगळं मिळतं. माझ्या मागच्या एक्सलवर ४,८४० पौंड भरले, म्हणजे साधारण २,१९५ किलो. एका टायरच्या वाट्याला १,०९८ किलो.

आता टायरच्या कडेवरचा लोड इंडेक्स वाचा, म्हणजे एक टायर किती भार पेलतो त्याचा सांकेतिक आकडा. मला आवडलेला २४५/७५ आर १६ स्वस्तात मिळत होता, पण त्यावर १११ होतं. १११ म्हणजे १,०९० किलो. आठ किलोंनी नापास! शिवाय असा कार-जीपचा टायर व्हॅनला लावताना त्याची क्षमता १.१ने भागून धरतात, म्हणजे हाती उरतात जेमतेम ९९० किलो. त्याच मापात ‘एलटी’ (लाइट ट्रक) अक्षरांचा, लोड रेंज ई म्हणजे जड भाराच्या वर्गातला टायर मिळतो. त्यावर १२०/११६ असतं (पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा) आणि तो जवळपास १,४०० किलो पेलतो. दिसायला दोन्ही सारखेच. कंपनीने दिलेल्या २३५/६५ आर १६ सीवर १२१ होतं, म्हणजे मी पैसे मोजून कमकुवत टायर घरी आणणार होतो.

एलटी टायर तो भार पेलतो ८० पीएसआय हवेला. हवा कमी तर भारही कमी. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा मूळ टायरचा असतो, तो नव्याला लावू नका. टायर कंपनीचा भार-हवेचा तक्ता बघा. मी मागे ६५ ठेवतो.

मापाचं गणित सोपं आहे. २४५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ७५ टक्के कडेची उंची, म्हणजे १८४. कड दोनदा धरायची, त्यात १६ इंची रिमचे ४०६ मिळवायचे: ७७४ मिलिमीटर, साडेतीस इंच. जुना टायर २८ इंचांचा होता. गाडी यातली निम्मीच वाढ वर उचलते, ३१ मिलिमीटर. डिफरन्शियलच्या (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याच्या) खालची जागा वाढते ती याच ३१ने. लिफ्ट किटने फक्त बॉडी वर जाते.

इथे बहुतेक जण फसतात. लिफ्टने टायरच्या डोक्यावर जागा होते, पुढे-मागे होत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर चाकाच्या खोबणीच्या मागच्या कडेला घासतो. माझाही घासला, आतलं प्लॅस्टिक थोडं कापावं लागलं. नवे टायर चढवल्यावर रिकाम्या पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, मग एक चाक फुटपाथवर चढवून पुन्हा. अलाइनमेंट लिफ्टनंतर करायचीच.

रिम शक्यतो १६ इंचीच ठेवा. १८ इंची रिमवर टायरची बाहेरची उंची तीच ठेवली तर कड बारीक होते, आणि खडकाळ रस्त्यावर धक्का झेलायचा असतो तो कडेनेच. ट्रान्झिटचा पाच नटांचा पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास) १६० मिलिमीटर आणि मधलं भोक ६५.१, त्यामुळे बाजारातली बरीच देखणी रिम्स बसतच नाहीत. अडॅप्टर लावून बसवायच्या फंदात पडू नका. रिमच्या मागच्या बाजूला तिचा स्वतःचा भार कोरलेला असतो, तोही वाचा.

ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ती हबला टेकते तिथपर्यंतचं मिलिमीटरमधलं अंतर, अण्णांना मी कागदावर रेघोट्या मारून समजावला. माझी मूळ रिम साडेसहा इंच रुंद, ऑफसेट ६०. सात इंची, ५० ऑफसेटची घेतली तर चाक बाहेर १६ मिलिमीटर सरकतं आणि आत जेमतेम साडेतीन मिलिमीटर मोकळे होतात. आठ इंची, ३८ची घेतली तर बाहेर ४१! मग वळताना ते बंपरलाही भिडतं आणि चिखल खिडक्यांपर्यंत उडतो. मी ५०वर थांबलो.

स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो: काटा ६० मैलांवर असताना गाडी ६५ने धावते. संगणकात टायरचा घेर बदलून घ्या. गिअरही जड होतात, ३.७३ गिअर-गुणोत्तराचा एक्सल ३.४३ असल्यासारखा वागतो, आणि कोलोरॅडोतल्या आय-७० हायवेवर आयझेनहावर बोगद्याची चढण चढताना ते कळतं. याच रस्त्यावर डॉटसेरो ते मॉरिसन सप्टेंबर ते मे ट्रॅक्शनचा (बर्फात टायरच्या पकडीचा) कायदा असतो: चारही चाकं चालवणाऱ्या गाडीलाही टायरची खाच ३/१६ इंच खोल लागते. कडेवर तीन शिखरं आणि हिमकणाची, म्हणजे बर्फात चालणाऱ्या टायरची, खूण असलेलाच टायर घ्या.

स्टेपनीही त्याच मापाची हवी. मी पैसे वाचवायला २८ इंची जुनीच ठेवली होती. यूटामधल्या मोआबजवळ पोटॅश रोडच्या कच्च्या भागात दगडाने मागच्या टायरची कड चिरली आणि एका बाजूला लहान चाक घेऊन सरपटत यावं लागलं. ऑल-व्हील ड्राइव्हच्या गाडीत असं लांब चाललं तर डिफरन्शियल आणि क्लच तापतात. मोठी स्टेपनी खालच्या जागेत बसते का, ते घेण्याआधी टेपने मोजा.

नट टॉर्क पान्याने २०० न्यूटन-मीटरला आवळा आणि शंभरेक मैलांनी गाडी थांबवून पुन्हा तपासा. माझ्या पहिल्या तपासणीत डाव्या बाजूचे दोन नट पाव फेरा फिरले.