वर्गात बुजणारं छोटं कुत्रं

पॉमेरेनियनला शेजारचा लॅब्रॅडॉर डोंगराएवढा दिसतो. म्हणून कुत्र्यांच्या प्रशिक्षणाचे पहिले २-३ वर्ग पणजीतल्या कांपालसारख्या मोकळ्या मैदानाच्या कडेला, १५-२० मीटर लांब बसूनच काढा. त्याने दुसरं कुत्रं पाहिलं की लगेच बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा द्या. क्रम उलटला तर खाऊच भीतीची सूचना ठरतो. खाऊ नाकारला, शेपूट पोटाखाली गेली, तर ५ मीटर मागे सरका. पट्ट्याने पुढे ओढू नका. छोट्यांची श्वासनलिका नाजूक असते, गळपट्ट्यापेक्षा छातीभोवती बांधायचा हार्नेसच बरा. पायाशी आलं तर खुशाल जवळ घ्या, त्याने भीती वाढत नाही. गोव्यात वर्ग सकाळी ८ च्या आत आटोपणारा निवडा. दमट उकाड्यात धाप उष्म्याची की घाबरल्याची, हे कळतच नाही.