ग्रेन मोजा, मग मजबुतीचं बोला

भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंट शॉपची लॅब मी सांभाळते. नवीन आलेली डिप्लोमाची पोरं थेट मायक्रोस्कोपकडे धावतात. मी आधी दोन तुटके तुकडे हातात देते. धातू आतून सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो, त्या कणांना ग्रेन म्हणतात. जास्त तापून ग्रेन वाढलेलं स्टील ठिसूळ तुटलं, की त्याचं तोंड खडीसाखरेसारखं चकाकतं. बारीक ग्रेनचं तोंड राखाडी आणि निस्तेज दिसतं. डोळ्यांना एवढं कळतं, पण गिऱ्हाइकाला आकडा लागतो. तो काढायचा कसा ते सांगते. उदाहरणाला साधं कमी कार्बनचं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील घेऊ.

नमुना भरपूर कूलंट सोडून कापा. गॅसने कापलात तर कडेचे ग्रेन तिथल्या तिथे बदलतात आणि तुम्ही मोजता ते गॅसचं काम. धरायला सोपा जावा म्हणून बेकेलाइट या प्लास्टिकमध्ये माउंट करा. मग 220, 320, 400, 600, 800, 1000 असे एकाहून एक बारीक घासायचे पेपर. दर पेपरला नमुना 90 अंशांनी फिरवायचा आणि आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. घाई सगळ्यांना इथेच होते, आणि शेवटी डायमंड पेस्ट कितीही घासली तरी 320 चा ओरखडा जात नाही.

पॉलिश झालेल्या तोंडावर आम्लाने ग्रेनच्या सीमा उठवायच्या, याला एच करणं म्हणतात. त्यासाठी नायटल लागतं, म्हणजे 98 मिली इथेनॉलमध्ये 2 मिली संहत नायट्रिक आम्ल. आम्ल अल्कोहोलमध्ये ओतायचं, उलट कधीच नाही. गॉगल घाला, फ्यूम हूड चालू ठेवा, लागेल तेवढंच बनवा. घट्ट बुचाच्या बाटलीत भरून ठेवू नका. नायटल लावलं की साधारण 5 ते 10 सेकंदांत नमुन्याची चकाकी मंद होते. तिथे थांबा, पाण्याने धुवा, अल्कोहोल मारून वाळवा. एच जास्त झालं तर सीमारेषा जाड होतात आणि मोजणी बिघडते.

आता 100 पट मोठं करून पाहा. पण मॉनिटरवरचं चित्र 100 पट असेलच असं नाही, कॅमेरा आणि स्क्रीन त्यात आपली भर घालतात. स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे बारीक खुणांची काचपट्टी ठेवून खरी पट आधी तपासा. हे न करता दिलेला रिपोर्ट मी सही न करता परत करते. वेगवेगळ्या जागांचे पाचेक फोटो घ्या, त्यांवर मिळून 500 मिमी रेषा आखा आणि त्या किती ग्रेनसीमा कापतात ते मोजा. समजा 200 आल्या. 500 मिमी म्हणजे नमुन्यावरचे 5 मिमी. भागिले 200, ग्रेनचा सरासरी आकार 25 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग).

या आकड्याचा मजबुतीशी संबंध हॉल यांनी 1951 मध्ये आणि पेच यांनी 1953 मध्ये मांडला. धातू वाकतो तेव्हा आतली डिसलोकेशनं, म्हणजे अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष, सरकत असतात. पलीकडच्या ग्रेनमध्ये अणूंच्या थरांची दिशा वेगळी, म्हणून ती सीमेवर अडतात आणि मागची येऊन साचतात. ग्रेन मोठा असेल तर रांग लांब, सीमेवरचा ताण जास्त, आणि सरकणं पलीकडे लवकर सुरू होतं. ग्रेन लहान असेल तर रांग आखूड, मग बाहेरून जास्त जोर लावावा लागतो.

एमएससाठी ढोबळ हिशेब असा: मायक्रॉनमधल्या आकाराचं वर्गमूळ काढा, त्याने 740 ला भागा, त्यात 70 मिळवा. 25 मायक्रॉनला 218 एमपीए (मेगापास्कल) यील्ड, म्हणजे धातू कायमचा वाकू लागतो तो ताण, येतं, 100 मायक्रॉनला 144. म्हणजे आकार चौपट वाढला की ग्रेनसीमांचा वाटा निम्मा होतो. हा अंदाज आहे, टेन्साइल टेस्टची सुटका नाही. ईएन 8 या जास्त कार्बनच्या स्टीलला हे आकडे लावू नका, त्यात पर्लाइट (लोह आणि लोह-कार्बाइडचे पातळ थर) इतकं असतं की हिशेबच वेगळा. ॲल्युमिनियममध्ये ग्रेनचा हा परिणाम स्टीलच्या मानाने फारच कमी.

ग्रेन मोठे निघाले तर एमएस नॉर्मलाइझ करा: 900 ते 920 अंश, जाडीच्या दर 25 मिमीला साधारण तासभर, मग स्थिर हवेत गार. तापताना आणि निवताना, दोन्ही वेळा नवे ग्रेन जन्मतात, म्हणून ते बारीक होतात. जॉब ढिगात टाकू नका, सुटे मांडा. ‘थोडं जास्त तापवलं तर काय बिघडतं’ असं भट्टीवरचा कोणी म्हणाला तर त्याला तो चकाकणारा तुकडा दाखवा. यील्डबरोबर चिवटपणाही वाढवणारा उपाय जवळपास हा एकच, त्यामुळे भट्टीचा खर्च मला कधी जड वाटत नाही.

304 स्टेनलेसवर मात्र ही युक्ती चालत नाही. तापवताना त्याची रचना बदलतच नाही, ग्रेन फक्त वाढतात. त्याला आधी थंड अवस्थेत दाबून काढा, मग पुन्हा तापवून नवे ग्रेन घडवा. आणि पार्ट सतत लाल तापणाऱ्या जागी बसणार असेल, तर बारीक ग्रेन मागण्याआधी डिझाइनवाल्याला फोन करा: तिथे क्रीप होतो, म्हणजे भाराखाली धातू हळूहळू ताणत जातो, आणि मोठे ग्रेनच जास्त टिकतात.