कंपनीचे संकेतस्थळ नव्या डोमेनवर नेताना

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतील, म्हणजे औद्योगिक वसाहतीतील, एका व्हॉल्व्ह कारखान्याचे संकेतस्थळ नव्या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवरील नव्या नावावर, नेण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी सर्वांत आधी डिस्पॅच विभागात गेलो. तेथे पेट्यांत भरण्यासाठी ठेवलेल्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या नेमप्लेटवर अनुक्रमांक, आकार आणि दाबाचा आकडा यांच्याखाली जुने डोमेन कोरलेले होते. असा व्हॉल्व्ह ग्राहकाच्या पाइपलाइनवर पंधरा-वीस वर्षे बसून राहतो आणि सुटा भाग हवा झाला की तेथील फिटर त्या पट्टीवरचाच पत्ता मोबाइलवर टाइप करतो. जुने डोमेन वर्षभराने सोडून दिले तर चालेल का, हा मालकांचा प्रश्न तेथेच निकालात निघाला. सोडलेले डोमेन कोणीही विकत घेऊ शकतो आणि त्या पत्त्यावर येणारी कंपनीची पत्रेही मग त्याच्याच हाती पडतात.

नवे नाव ठरवताना ते फोनवर एकदा सांगून पाहावे. शहराचे अधिकृत नाव १९७४ साली वडोदरा झाले, पण आपण घरात अजून बडोदेच म्हणतो. त्यामुळे डोमेनमध्ये गावाचे नाव असेल तर ऐकणारा रोमन स्पेलिंग हमखास चुकवतो. ते डोमेन पूर्वी दुसऱ्या कोणाचे होते का, हे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर तपासावे. नोंदणी कंपनीच्याच नावाने असावी, संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नावाने नसावी.

त्यानंतरचे खरे काम म्हणजे जुन्या पत्त्यांची यादी. संकेतस्थळावरील पाने, गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात दिसणारी पाने आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे भेटींच्या नोंदींत, मागितले गेलेले पत्ते एकत्र करून एका तक्त्यात डावीकडे जुना व उजवीकडे नवा पत्ता लिहावा. पीडीएफ कॅटलॉग येथे हमखास निसटतात, कारण ते मेनूत कोठेच नसतात. डीलरने कधीकाळी पाठवलेल्या ई-मेलमध्ये मात्र त्यांची लिंक जिवंत असते. शक्य असेल तर डोमेननंतरचा पत्ता आहे तसाच ठेवावा आणि याच मुहूर्तावर नवी मांडणी करण्याचा मोह टाळावा, कारण दोन्ही बदल एकत्र केले की बिघाड नेमका कशामुळे झाला हे कळत नाही.

संकेतस्थळ वर्डप्रेस या प्रणालीवर चालत असेल तर डेटाबेसच्या सगळ्या तक्त्यांत जुने नाव शोधून नवे टाकणे सोपे वाटते, पण तसे थेट करू नये. काही सेटिंग्ज तेथे सीरिअलाइज्ड स्वरूपात असतात, म्हणजे मजकुराच्या आधी त्याची लांबी आकड्यात लिहिलेली असते. जुन्या पत्त्याची लांबी २८ नोंदवलेली असताना त्या जागी २१ अक्षरांचा पत्ता बसवला आणि आकडा तसाच राहिला, तर ती सेटिंग वाचताच येत नाही व विजेट, म्हणजे पानावरील छोटे तयार भाग, गायब होतात. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा हे आकडे स्वतः जुळवते. तरीही आधी बॅकअप घ्यावाच.

जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवणारा रीडायरेक्ट ३०१ प्रकारचा, म्हणजे कायमस्वरूपी असावा. प्रत्येक जुने पान त्याच विषयाच्या नव्या पानावर एकाच उडीत पोहोचावे. सगळी पाने मुखपृष्ठाकडे वळवली तर व्हॉल्व्हचे चित्र शोधणारा ग्राहक संचालकांच्या फोटोंपाशी येऊन थांबतो आणि गूगलही असे पान सापडले नसल्याचेच समजते. येथे माझ्याकडून एकदा चूक झाली होती. मी ब्राउझरला संकेतस्थळाची ओळख पटवणारे एसएसएल प्रमाणपत्र फक्त नव्या डोमेनसाठी चालू ठेवले. ९० दिवसांचे जुने प्रमाणपत्र संपताच जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना ब्राउझर धोक्याची सूचना दाखवू लागला. ब्राउझर आधी प्रमाणपत्र तपासतो आणि मगच रीडायरेक्ट वाचतो, हे मला एका पर्चेस अधिकाऱ्याच्या तक्रारीनंतर उमगले.

गूगलला कळवण्यासाठी दोन्ही डोमेन सर्च कन्सोलमध्ये एकाच खात्याखाली पडताळून घ्यावीत, पत्ताबदलाची सोय वापरावी आणि नवा साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, द्यावा. ही सूचना १८० दिवस लागू राहते. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवावेत असे गूगल सांगते, पण नेमप्लेट पाहिलेल्याने वर्षाचा हिशेब करू नये.

ई-मेलकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि सर्वांत जास्त नुकसान तेथेच होते. डोमेनची पत्रे कोठे पोहोचवायची हे सांगणाऱ्या जुन्या डोमेनच्या एमएक्स नोंदींना हात लावू नये. जुने पत्ते नव्या मेलबॉक्सला जोडून ठेवावेत. नव्या डोमेनसाठी पत्र खरोखर आपलेच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी केल्या नाहीत तर कोटेशन ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडते. जीएसटी, बँक आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरील ई-मेल एकेक करून बदलावेत, कारण ओटीपी तेथेही येतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार कंपनीला ई-मेल व संकेतस्थळ असल्यास त्यांचे पत्ते व्यावसायिक पत्रांवर आणि बिलांवर छापावे लागतात. म्हणून लेखा विभागाच्या इनव्हॉइसचा नमुनाही यादीत धरावा.

दिवाळी ते लाभपंचमीपर्यंत चौकशा कमी असतात म्हणून बदलासाठी तो काळ सोयीचा वाटतो. मात्र ज्यांच्या फोनवर ओटीपी येतो ते अकाउंटंट तेव्हा गावी गेलेले असतात, हेही पाहावे. बदल झाल्यावर पहिले काही आठवडे लॉगमधील ४०४, म्हणजे न सापडलेल्या पानांच्या नोंदी, रोज पाहून राहिलेले पत्ते तक्त्यात भरावेत, जुन्या डोमेनची नोंदणी एकदम कमाल १० वर्षांपर्यंत वाढवून घ्यावी आणि नव्या नेमप्लेटची ऑर्डर नवे संकेतस्थळ महिनाभर विनातक्रार चालल्यावरच द्यावी.