छळाची तक्रार केली आणि नोकरी गेली : या चुका टाळा

कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाची तक्रार केली आणि महिना-दोन महिन्यांत नोकरी गेली, अशा स्त्रिया गेली अनेक वर्षे माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात. बहुतेकींच्या पिशवीत एक नको तो कागद असतो आणि एक हवा तो कागद नसतो. नको तो म्हणजे स्वतःच्या सहीचा राजीनामा आणि हवा तो म्हणजे तक्रारीची पोच.

लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा नोकरीवर गदा आणण्याच्या धमकीलाही छळाच्या संदर्भात मोजतो, परंतु तक्रारदार स्त्रीला कामावरून काढल्यास ती कारवाई आपोआप रद्द होईल असे वेगळे कलम त्यात नाही. त्यामुळे नोकरीची लढाई वेगळी लढावी लागते. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या १९७१ च्या कायद्याने कामगाराला सूडबुद्धीने किंवा उघडउघड खोट्या कारणावरून काढणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली आहे. मात्र तक्रार आधी झाली आणि तिच्यामुळेच नोकरी गेली, हे कागदावर दिसावे लागते.

म्हणूनच राजीनाम्यावर सही करणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. पिंपरी-चिंचवड परिसरातील एका कारखान्यात तपासणी विभागात काम करणाऱ्या एका बाईंची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे सारे वगळून सांगते. शनिवारी पाळी सुटताना त्यांना केबिनमध्ये बोलावले गेले. टेबलावर ‘वैयक्तिक कारणास्तव’ असा छापलेला राजीनामा तयार होता. सही केली तर सगळा हिशेब सोमवारी मिळेल, नाही केली तर काढून टाकल्याचा शेरा मारू आणि पुढे कोणी दारात उभे करणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. मुलीची फी भरायची होती. त्यांनी सही केली.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा बारा दिवस उलटले होते. पुढे मालकाच्या वकिलांनी तोच एक कागद समोर ठेवला आणि म्हटले की बाईंनी स्वखुशीने नोकरी सोडली, मग काढले कुठे? दबाव होता हे सिद्ध करण्याचे ओझे बाईंवर आले. आमच्या हाती फक्त एक गोष्ट होती : छापील तारीख गुरुवारची होती आणि सहीखाली बाईंनी सवयीने घातलेली तारीख शनिवारची. राजीनामा गुरुवारीच दिला होता, हे मालकाचे म्हणणे त्या दोन आकड्यांनी खोटे पाडले आणि तडजोडीत काही रक्कम मिळाली. नोकरी मात्र परत मिळाली नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकीकडून एकच वाक्य पाठ करून घेते : “मी हे घरी वाचते आणि लेखी उत्तर देते.” कामावरून काढल्याचे पत्र मिळाले तर घाबरू नये, कारण त्यावर तारीख, कारण आणि सही असते व त्याला आव्हान देता येते. सही होऊन गेली असेल, तर त्याच रात्री स्वतःच्या ईमेलवरून राजीनामा मागे घेतल्याचे कळवावे आणि खोलीत कोण होते, काय बोलले गेले, ते लिहावे. हिशेबाची रक्कम घ्यावी लागली, तर पावतीवर ‘हक्क राखून स्वीकारले’ असे स्वहस्ते लिहावे.

दुसरी चूक तोंडी तक्रारीची. “मी एचआरना सांगितले होते” या वाक्याला पुढे काहीही आधार राहत नाही. तक्रार अंतर्गत समितीकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी कामाच्या ठिकाणीच नेमलेल्या समितीकडे, लेखी, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते. समिती कारणे नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. नियमांनुसार सहा प्रती लागतात. मी सातवी काढायला लावते आणि तिच्यावर तारखेसह पोच घेतल्याशिवाय जागेवरून उठू नका असे सांगते. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. इंटरनेटवरून उचललेले मसुदे मला अजिबात मान्य नाहीत. त्यांत निकालांची नावे भरपूर असतात आणि घटनेची तारीख नसते. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तरी तिने मागे टाकलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची कलमे तशीच चिकटवलेली असतात. दोन संध्याकाळी कॅलेंडर समोर घेऊन बसा आणि स्वतःच्या शब्दांत लिहा.

लेखी नोंदींचे बळ २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिसले. इंदूरच्या एका बँक अधिकारी महिलेने शाखेतील गैरव्यवहारांबद्दल वारंवार लेखी कळवले होते; वरिष्ठाविरुद्ध तिची छळाची तक्रारही होती. तिची बदली सूडाची ठरवून न्यायालयाने तिला पुन्हा इंदूरला नेमण्यास सांगितले.

भीतीपोटी कामावर जाणे बंद करू नका, गैरहजेरीचे आयते कारण मिळते. चौकशी सुरू असताना तीन महिन्यांपर्यंत जादा रजा समितीकडे लेखी मागता येते. कंपनीच्या फोनमधील संदेशांच्या प्रती आधीच स्वतःकडे घ्या. व्हॉट्सॲप गटांत नावे टाकू नका. कंत्राटी, शिकाऊ किंवा रोजंदारीवर आहोत म्हणून कायदा आपल्याला लागू नाही, हा समज चुकीचा आहे. पुरावा कमी पडला एवढ्याने तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे.

शेवटची चूक थांबून राहण्याची, आणि ती समंजस स्त्रियांकडूनच जास्त होते. समितीचा निर्णय आला की मग नोकरीचे पाहू, असे त्या म्हणतात. चौकशीला ९० दिवस, अहवालाला १० दिवस आणि त्यावर मालकाने कारवाई करायला ६० दिवस, अशी कायद्याचीच मुदत आहे. १९७१ च्या कायद्याखाली कामगार न्यायालयात जाण्याची मुदत मात्र काढल्यापासून ९० दिवसांचीच आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते. व्यवस्थापक किंवा पर्यवेक्षक पदावरील स्त्रियांना हा मार्ग बहुधा मिळत नाही, म्हणून त्यांनी नेमणूकपत्र घेऊन पहिल्याच आठवड्यात वकिलाला भेटावे. वकिलाची फी हे थांबण्याचे कारण असू नये : जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्या अर्जाला मी पहिल्याच भेटीत बसवते.