व्हॅम्पायर कादंबरीतलं झटपट प्रेम पटेल असं कसं लिहावं

कोथरूडमधल्या एका छोट्या वाचनालयात दर रविवारी सकाळी आठवी ते बारावीची काही मुलंमुली आपापलं लिखाण घेऊन येतात आणि आम्ही ते एकत्र बसून वाचतो. गेल्या पावसाळ्यात दहावीतल्या एका मुलीनं दोनशे पानी वही माझ्यासमोर ठेवली. व्हॅम्पायरची, म्हणजे रक्त पिऊन जगणाऱ्या, न मरणाऱ्या माणसाची प्रेमकथा. भाषेत जोर होता, पावसाची वर्णनं तर फारच सुरेख. पण तिसऱ्या पानावर नायिका त्याला कॉलेजच्या जिन्यात पाहते आणि चौथ्या पानावर त्याच्यासाठी मरायला तयार होते. मी विचारलं, “त्याच्यात तिला काय दिसलं गं?” ती म्हणाली, “ताई, तो खूप देखणा आहे ना.” जरा थांबून म्हणाली, “आणि व्हॅम्पायर आहे.” पुढे तिलाच काही सुचेना.

त्या वहीवर आम्ही तीन महिने काम केलं. जे जे केलं ते इथे क्रमानं सांगते. अशी कथा लिहू पाहणाऱ्या कुणालाही ते करून बघता येईल. या कथांना नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी प्रेम, मरण आणि स्वतःचं बदलणारं शरीर या तिन्हींचं भय आणि कुतूहल मनात एकदमच दाटलेलं असतं. व्हॅम्पायर ते सगळं एका माणसात आणून समोर उभं करतो. म्हणून तर तिथलं प्रेम लटकं निघालं की जिवाला लागतं.

पायरी १ : प्रेम ‘झाल्याचं’ वाक्य शोधा

वही उघडा आणि ज्या वाक्यात प्रेम होऊन जातं त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा. बहुधा ते एकच वाक्य असतं. आमच्या वहीत ते असं होतं : “त्याच्या डोळ्यांत पाहताक्षणी तिला कळलं, याच्याशिवाय आपण जगूच शकत नाही.”

आता या वाक्याच्या आधीची पानं नायिकेच्या जागी तिच्या वर्गातली दुसरी कुठलीही मुलगी ठेवून वाचा. मग नायकाच्या जागी दुसरा कुठलाही देखणा मुलगा ठेवा. कुठेच काही अडलं नाही, तर या दोघांची ओळख अजून तुमची तुम्हालाच झालेली नाही, असं समजा. लिहायला बसायच्या आधी ती ओळख करून घ्यायची आहे. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी २ : तहान, ओढ आणि प्रेम वेगवेगळं मांडा

कागदावर तीन रकाने आखा. पहिला तहानेचा, म्हणजे रक्ताची भूक. दुसरा ओढीचा. तिसरा प्रेमाचा. तुमच्या कथेतला प्रत्येक ‘प्रेमाचा’ प्रसंग यातल्या कुठल्या रकान्यात बसतो ते प्रामाणिकपणे लिहा. आमचा तिसरा रकाना रिकामाच राहिला होता.

२००५ साली आलेल्या ‘ट्वायलाइट’चंच घ्या. तिच्यानंतर या प्रकारच्या कादंबऱ्यांची लाट आली. त्यात व्हॅम्पायर असलेल्या एडवर्डला इतरांच्या मनातलं ऐकू येतं, नायिका बेलाच्या मनातलं मात्र येत नाही, आणि तिच्या रक्ताचा वास त्याला इतर कुणाच्याही रक्तापेक्षा जास्त खेचतो. लेखिकेनं कारण दिलं आहे, हे मान्य करायलाच हवं. पण उद्या बेलाचा स्वभाव पूर्ण बदलला, ती बडबडी किंवा खडूस झाली, तरी ही दोन्ही कारणं जशीच्या तशी उरतील. एक तहानेच्या रकान्यात जातं, दुसरं ओढीच्या. प्रेमाचं काम अजून बाकीच आहे.

पहिल्या भेटीत ओढ दाखवायला काहीच हरकत नाही. खऱ्या आयुष्यातही ती क्षणात लागते. फक्त तिला ओढच म्हणा. “तिनं जिन्याच्या वळणावर पुन्हा एकदा मागे पाहिलं,” एवढं पहिल्या भेटीला भरपूर झालं.

पायरी ३ : दमयंतीचा प्रश्न नायिकेला विचारा

आपल्याकडे तर न पाहताच जडलेल्या प्रेमाची कथा आहे. हंसाच्या तोंडून गुणवर्णन ऐकून दमयंतीनं नळाला मनोमन वरलं. महाभारताच्या वनपर्वातली ही गोष्ट. इतकं झटपट प्रेम आपण पिढ्यानपिढ्या का मानत आलो? मला वाटतं, ते पुढे कसाला लागतं म्हणून. स्वयंवराच्या मंडपात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नळाचंच रूप घेऊन बसतात. समोर एकसारखे पाच नळ. दमयंती घाबरते, पण मग नीट बघते. देवांना घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, गळ्यातली फुलं टवटवीत आहेत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत आणि त्यांची सावली पडत नाही. पाचव्याची माळ कोमेजलेली, अंगावर धूळ आणि घाम, पापणी लवते आहे, पायाशी सावली आहे. ती त्याच्याच गळ्यात माळ घालते. चार अमर समोर बसलेले असताना मरणारा माणूस निवडते.

ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतल्या ड्रॅक्युला या व्हॅम्पायरचीही सावली पडत नाही आणि आरशात तो दिसत नाही. म्हणजे व्हॅम्पायर कथेतली नायिका दमयंतीच्या नेमकी उलट निवड करते. सावली नसलेल्याच्या गळ्यात माळ घालते. का घालते? “तो देखणा आहे” हे उत्तर इथे पुरणार नाही, कारण मंडपातले पाचही देखणेच होते.

हा प्रश्न मी त्या मुलीला घरी नेऊन विचार करायला सांगितला. पुढच्या रविवारी ती आली आणि वही न उघडताच म्हणाली, “ताई, तिचे बाबा गेलेत ना. तिला न मरणारं माणूस हवंय.” वडील गेल्याचा उल्लेख वहीत पहिल्यापासून होता, दुसऱ्या पानावर, एका ओळीत, सहज येऊन गेलेला. सगळी कादंबरी त्या ओळीत दडून बसली होती. तुमच्याही वहीत अशी एखादी ओळ बहुतेक असेल. ती शोधा आणि पुढे आणा.

पायरी ४ : नायकाच्या वयाचा हिशेब करा

माझ्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे आणि हीच सगळे गाळतात. ‘तो शंभर वर्षांचा होता’ असं लिहून मोकळं होऊ नका. साल ठरवा, गाव ठरवा, पेठ ठरवा.

वहीतलं गाव आधी परदेशातलं होतं, न पाहिलेलं. आम्ही ते पुण्यात आणलं आणि साल धरलं १८९७. ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाली ते हेच वर्ष. त्याच वर्षी पुण्यात प्लेगनं हाहाकार माजवला होता, घरोघर गोरे सोल्जर शिरत होते आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी असलेल्या रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. अशा दिवसांत सदाशिव पेठेतला सतरा वर्षांचा एक मुलगा नाहीसा झाला, तर लोक काय समजतील? प्लेगनं गेला, असंच.

आता पुढचा प्रश्न. त्या काळच्या पांढरपेशा घरातला सतरा वर्षांचा मुलगा म्हणजे बहुधा लग्न झालेला. बायको दहा-बारा वर्षांची. तो ‘गेल्यावर’ तिचं काय झालं? केशवपन झालं का? लाल आलवण नेसून ती कुणाच्या माजघरात राबली? की १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी सुरू केलेल्या आश्रमापर्यंत तिला कुणी पोचवलं? तो तर जिवंतच होता. रात्री वाड्याबाहेर उभा राहून त्यानं तिला पाहिलं असेल का?

हे ऐकताना त्या मुलीचे डोळे भरून आले. नायक तिला पहिल्यांदा माणूस वाटला तो त्या दिवशी. त्यानं पुढे १९१८ची फ्लूची साथ पाहिली आहे, १२ जुलै १९६१ला पानशेत फुटल्यावर पेठांमध्ये शिरलेलं पाणी पाहिलं आहे. एवढं सगळं डोळ्यांदेखत जाताना पाहिलेला मुलगा जिन्यात दिसलेल्या मुलीला चार पानांत ‘तुझ्याशिवाय जगू शकत नाही’ म्हणणार नाही. आपण कुणाकुणाशिवाय जगलो, हे त्याला पाठ आहे. त्याचा हा संकोच हाती लागला, की प्रेमाला लागणारा वेळ आपोआप मिळतो.

वयाचा दुसरा मुद्दाही टाळू नका. तो दिसतो सतराचा, पण त्याची समज सतराची नाही. तिच्याहून त्याला कितीतरी जास्त कळतं, आणि ही गोष्ट त्याला टोचली पाहिजे. नायिका झोपलेली असताना तिच्या खोलीत उभं राहून तिला बघणं, तिच्या मैत्रिणी तोडणं, ती कुठे जाते यावर पाळत ठेवणं हे प्रेमाच्या खुणा म्हणून रंगवू नका. वाचणारी मुलगी चौदा वर्षांची आहे. खऱ्या आयुष्यात कुणी असं वागला तर तिनं घाबरून घरी सांगावं, असं आपल्याला वाटतं ना? मग कथेतही नायिकेला भीती वाटू द्या, राग येऊ द्या, आणि त्याला माफी मागू द्या.

पायरी ५ : पहिला संवाद पुन्हा लिहा

रेघ मारलेलं वाक्य आता खोडा. त्या जागी एक छोटा प्रसंग लिहा, ज्यात या मुलीलाच दिसेल असं काहीतरी या मुलात असेल. डोळ्यांचा रंग, काळजाची धडधड, अंगावरचा काटा यातलं काही न वापरता. आमच्या वहीत बऱ्याच खाडाखोडीनंतर हे उतरलं :

“उद्या संध्याकाळी फडके हौदावर ये,” तो म्हणाला.
“चौकात नक्की कुठे? रिक्षा थांबतात तिथे?”
“हौदापाशी.”
“हौद? मी तर कधी पाहिला नाही.”
तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “पाणी फार गोड होतं.”
तिनं चमकून पाहिलं. बाबा गेल्यावर आई असंच बोलायची. घरात नसलेल्या वस्तूंबद्दल, त्या अजून जागच्या जागी असल्यासारखी.

कात्रजच्या तलावाचं पाणी पेशव्यांच्या काळापासून नळानं पेठांतल्या हौदांत येत असे. तिच्यासाठी ‘हौद’ हे चौकाचं नाव आहे, त्याच्यासाठी पाणी आहे. दुसरी कुणी मुलगी असती तर ‘काय विचित्र आहे हा’ म्हणून निघून गेली असती. ही थांबते, कारण हा सूर तिच्या ओळखीचा आहे. पहिल्या पायरीतली अदलाबदल इथे करून बघा, जमणार नाही. इथेही प्रेम झालेलं नाहीच, पण वाचणाऱ्याला त्याची चाहूल लागते.

पायरी ६ : मधल्या भेटी भरा

कबुलीच्या आधी निदान तीन-चार भेटी हव्यात आणि त्यातल्या एकीत त्यानं तिची निराशा केलेली हवी. गरजेच्या वेळी न आलेला, चुकीचं बोललेला, काहीतरी लपवलेला. तिला स्वतःचं आयुष्यही हवं : क्लास, रुसलेली मैत्रीण, आईची रात्रपाळी. त्याच्या येण्यानं यातलं काय विस्कटतं ते दाखवा.

व्हॅम्पायरचे जुने नियम या भेटींसाठी कामाला येतात. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय तो उंबरा ओलांडू शकत नाही, हा नियम घ्या. मराठी घरात हा नियम फार नाजूक होतो. दारात कुणी उभं दिसलं की आपली आजी विचार न करता म्हणते, “अरे, बाहेर का उभा? आत ये.” झालं! नायिकेनं सहा प्रकरणं जपून ठेवलेला निर्णय गणपतीत आलेल्या आजीनं एका वाक्यात घेऊन टाकला. आमच्या वहीत तो आजीचं ऐकूनही आत येत नाही. मोदकाची वाटी दारातच हातात घेतो आणि नायिकेकडे बघत उभा राहतो, ती ‘ये’ म्हणेल याची वाट बघत. तीही त्या दिवशी म्हणत नाही. तो वाटी उंबऱ्यावर ठेवून निघून जातो. सगळ्या वहीतला हा माझा सर्वांत आवडता प्रसंग. त्या मुलानं तिच्यासाठी केलेली ती पहिली गोष्ट आहे, आणि ती करायला त्याला कुठलीच शक्ती लागलेली नाही.

‘जन्मोजन्मीचं नातं’, ‘नशिबात लिहिलेलं’ असली पळवाट शक्यतो घेऊ नका. घ्यायचीच असेल तर त्या नशिबाचा जाच दाखवा. लिहून ठेवलेलं आहे म्हणून प्रेम करायचं का, असं नायिकेनं एकदा तरी चिडून विचारायला हवं.

पायरी ७ : वही दुसऱ्याच्या हातात द्या

लिहून झाल्यावर वही पंधरा दिवस कपाटात ठेवा. मग त्याच वयाच्या, पण तुमची भीड न ठेवणाऱ्या कुणाला तरी द्या. “आवडली का?” असं विचारू नका, मैत्रीण ‘हो’ म्हणणारच. तिच्या हातात पेन्सिल द्या आणि एवढंच सांगा : “या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे असं तुला ज्या पानावर वाटेल, तिथे फुली मार.”

मग फुलीचं पान आणि कबुलीचं पान ताडून बघा. फुली आधी आणि कबुली नंतर असेल तर त्या भागाला हात लावू नका. कबुली आधी येत असेल तर ती उचलून फुलीच्या पुढे न्या आणि मधल्या जागेत आणखी एक भेट लिहा. फुलीच नसेल तर तिसऱ्या पायरीवर परत जा. आमच्या वहीत पहिल्या खेपेला फुली कबुलीच्या बारा पानं नंतर पडली होती. ती बारा पानं मागे-पुढे करण्यात आमची दिवाळीची सुट्टी गेली.