माजी आमदाराची कारकीर्द लिहायला घेताना

आमच्या तालुक्याच्या एका माजी आमदारांची कारकीर्द मी सध्या लिहितो आहे. तुम्हीही असं काही लिहिणार असाल, तर गौरव अंक आणि वाढदिवसाच्या पुरवण्या सुरुवातीला उघडू नका. त्या वाचल्या की सूर ठरून जातो.

आधी निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल काढा आणि मतांचे आकडे उतरवून घ्या. २००९च्या निवडणुकीआधी मतदारसंघांची पुनर्रचना झाली. अनेक ठिकाणी नाव तेच राहिलं, गावं बदलली. त्यामुळे २००४ आणि २००९ची मतं शेजारी ठेवून ‘जनाधार घटला’ असं लिहाल, तर माणसावर अन्याय होईल. २००४ पासूनची मालमत्तेची प्रतिज्ञापत्रंही पाहा.

खरा वेळ द्यायचा तो सभागृहाच्या कार्यवाहीला. विधानमंडळाच्या ग्रंथालयात तिचे खंड आहेत. तारांकित प्रश्नावर, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नावर, बऱ्याचदा सदस्यांच्या नावांची रांगच असते, म्हणून नुसतं नाव मोजून उपयोग नाही. मंत्र्यांचं उत्तर झाल्यावर उपप्रश्न कुणी विचारला, तो वाचा. अभ्यास करून आलेला आमदार तिथे लगेच ओळखू येतो. मग लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), अर्धा तास चर्चा (आधीच्या उत्तरातून उरलेल्या मुद्द्यावरची), कपात सूचना (खात्याच्या मागणीत कपात सुचवून त्याच्या कारभारावर बोलायची) हेही वाचा. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, पहिल्यांदा १९६२ साली, शेवटचं २०१४ला, आणि यातला बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर होते. विरोधी आमदाराच्या हातात मंत्र्याची सही नसते. त्याचं काम या खंडांतच सापडतं, आणि ते कुणी वाचत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

माझी पद्धत अशी. एकच विषय धरायचा, समजा एखादा पाझर तलाव. प्रश्न कधी विचारला, मंत्र्यांनी काय आश्वासन दिलं, ते सभागृहाच्या आश्वासन समितीकडे (मंत्र्यांची आश्वासनं पुरी झाली का हे पाहणाऱ्या समितीकडे) गेलं का, पुढच्या अर्थसंकल्पात तरतूद झाली का, शासन निर्णय निघाला का, हे तारखांनिशी लावत जायचं. शेवटी तलावावर जाऊन पाणी बघायचं. कोनशिलेवरचं नाव उद्घाटनाच्या दिवशी पदावर असलेल्याचं असतं. पाठपुरावा दुसऱ्यानेच केलेला असू शकतो, आणि कागद तो दाखवतात.

माणसांशी बोलताना स्वीय सहायकाला आधी गाठा. कोणतं पत्र कोणत्या खात्यात अडकलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. आवक-जावक रजिस्टर घरात उरलं असेल तर त्याचे फोटो लगेच काढून घ्या, अशा वह्या रद्दीत जातात. मग विरोधात लढलेल्यांकडे जा आणि ज्यांचं काम झालं नाही त्यांच्याकडेही. घरच्यांकडून बालपण, तुरुंगवास, आजारपण समजेल. तारखा मात्र कागदावरूनच घ्या.

सदस्य दिवंगत असतील तर सभागृहातला शोकप्रस्ताव मिळवा. त्यात कारकिर्दीचा क्रम असतो. भाषणं कौतुकाचीच असणार, तरी एखादा जुना विरोधक बोलता बोलता जुन्या चर्चेचा उल्लेख करून जातो. त्या अधिवेशनाचा खंड मागवा.